मागच्या बाजूची मूठ

गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि आण्णा परत फिरले.

"आता काय राहिलं?"

"कुलूप लागलंय का बघून येतो."

"आत्ताच बघून आलात की."

"आत्ता गॅस बघितला," म्हणून ते चालूही लागले. इस्त्रीचा शर्ट, काखेत जेवणाचा डबा, पायांत कारखान्याचे जड बूट. मी खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन पिठाच्या धुरळ्यात उभी राहिले. हे मुद्दाम उशीर करतायत, एवढाच विचार तेव्हा मनात आला.

तसं वाटायला कारण होतं. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या ज्या हळदीच्या कारखान्यात आण्णांचा जन्म गेला, तिथल्याच मशीनवर मी सर्वो मोटारी बसवायला आले होते. पुण्याच्या आमच्या छोट्या कंपनीचं अशा तऱ्हेचं ते पहिलंच काम होतं आणि ते माझ्यावर सोपवलेलं होतं. मशीन हळदीची पाकिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचं. खोक्याचा साइज बदलला की आतल्या पट्ट्यांची रुंदी, उंची, पाकीट ढकलणाऱ्या हाताची लांबी, सगळं चाकं फिरवून नव्याने लावावं लागे. कुठलं चाक कुठपर्यंत न्यायचं हे एकट्या आण्णांना ठाऊक. ते रजेवर असले की कारखाना साइज बदलायचाच नाही. आता स्क्रीनवर साइज निवडला की मोटारी आपणहून सगळं जागेवर नेणार होत्या. आण्णांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. पोरीनं बापाचं काम काढून घेतलं, असं कारखान्यात बोललं जात होतं, आणि माझ्या कानावर पडेल एवढ्या मोठ्याने बोललं जात होतं.

आदल्या दिवशी मॅनेजर बिरनाळे साहेबांनी मला बाजूला घेतलं होतं.

"मॅडम, कोष्टीमामांचा, तुमच्या वडिलांचा, मला आदर आहे. पण जुना माणूस आहे. ट्रायलला जरा लक्ष ठेवा."

"म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. लक्ष ठेवा म्हटलं." मग मशीनशेजारच्या लाकडी खोक्याकडे त्यांनी बोट दाखवलं. त्यात आम्ही काढलेली लोखंडी चाकं ठेवली होती. "ही टाकायची नाहीत. ट्रायल फसली तर सोमवारी परत चढतील. मोटारी तुमच्या तुम्ही न्यायच्या."

आण्णा कुलूप ओढून परत आले. "लागलंय," म्हणाले. जणू मी विचारलं होतं.

"आण्णा, आज ट्रायल आहे."

"माहीत आहे की."

"मग चला."

गेला आठवडाभर आमचं असंच चाललं होतं. मोटारींना आकडे शिकवायचे म्हणजे आधी आण्णांनी प्रत्येक साइज हाताने लावायचा आणि ती जागा मी मशीनच्या मेमरीत साठवायची. आण्णा चाक थेट जागेवर कधी थांबवायचे नाहीत. थोडं पुढे न्यायचे आणि मग मागे आणून सोडायचे. आट्यांमध्ये झिजेमुळे ढिलाई असते, दर वेळी एकाच बाजूने जागेवर आलं की ती आड येत नाही. हे मी कॉलेजात जाण्याआधी घरच्या रेडिओवर शिकले होते. आण्णा स्टेशन लावतानाही काटा पुढे नेऊन मागे आणायचे. मोटारींनाही मी तसंच चालायला शिकवलं.

लहान आणि मोठा साइज अशा रीतीने पटकन झाला. मधल्या साइजला आण्णा चाक हातात धरून उभे राहिले. किती तरी वेळ.

"आण्णा?"

"बघतोय."

"काय बघताय?"

मुजावरभाभींकडून मधल्या साइजचं एक रिकामं खोकं मागून घेतलं, पट्ट्यांमध्ये धरलं आणि त्याच्या मापाने चाक फिरवत राहिले. असं त्यांना करताना मी कधी पाहिलं नव्हतं. भाभी त्या मशीनवर आण्णांच्या जोडीला होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मामा, लेकीला सगळं एकदम देऊ नका. थोडं थोडं द्या. जावयाला सगळं सांगायचं नसतं, तसं मशीनला पण सांगायचं नसतं."

आण्णा हसले, पण त्यांची नजर खोक्यावरच होती. मला वाटलं, द्यायला जीव होत नाहीये त्यांना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ट्रायलच्या सकाळी मी सगळं स्वतः तपासलं. वायरी, मोटारी, आणि मागच्या बाजूच्या मुठी सगळ्यात शेवटी. चाकांच्या दिवसांत पट्टी जागेवर आली की ती हलू नये म्हणून मशीनच्या मागे, खालच्या अंगाला असलेली एक मूठ घट्ट आवळायची असायची. प्रत्येक पट्टीला एक. मोटारी बसल्यावर त्यांचं काम संपलं होतं, उलट त्या आवळलेल्या असल्या तर मोटारीला पट्टी हलवताच आली नसती. मला त्या काढूनच टाकायच्या होत्या, पण बिरनाळ्यांनी काढू दिल्या नाहीत. सोमवारी चाकं चढवावी लागली तर मुठीही लागणार होत्या. मग मी त्या सगळ्या सैल करून ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासून यांना हात लावायचा नाही."

"कळलं बाई," आण्णा म्हणाले.

सगळे जमले. बिरनाळे साहेब, ऑफिसातले दोघंतिघं, भाभी आपल्या जागेवर. आण्णा थोडे मागे, हात पाठीशी बांधून. मी स्क्रीनवर मोठा साइज निवडला. मोटारी एका सुरात गुणगुणल्या, पट्ट्या सरकल्या, जागेच्या थोड्या पुढे गेल्या, मागे आल्या आणि थांबल्या. भाभींनी बटण दाबलं. खोकी उघडत, भरत, मिटत बाहेर पडायला लागली. एकाचंही झाकण चुरगळलं नाही.

"अरे वा," बिरनाळे म्हणाले. "चहा सांगा."

चहा आला. ऑफिसातला एक जण म्हणाला, "मामा, आता तुम्ही नुसतं खुर्ची टाकून बसा!" सगळे हसले. मी कपाकडे बघत होते, पण कान आण्णांच्या उत्तराकडे होते. मी वळून पाहिलं तर आण्णा तिथे नव्हते. ते मशीनच्या मागच्या बाजूने फिरून येत होते.

"झाली मामांची प्रदक्षिणा," भाभी म्हणाल्या. साइज बदलला की आण्णा मशीनला एक फेरी घालायचे, आणि त्याशिवाय भाभी कधी बटण दाबायच्या नाहीत. आज मशीन आधी चालू झालं आणि फेरी नंतर झाली, एवढाच फरक.

"आता मधला साइज," बिरनाळे म्हणाले. "आमचा सगळ्यात जास्त खपाचा. तो झाला की सही करतो."

मी मधला साइज निवडला. मोटारी गुणगुणल्या. मग त्यांतल्या एकीचा आवाज चढला, घशात काही अडकल्यासारखा, आणि सगळंच थांबलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. मोटारीवर जास्त भार.

"काय झालं?"

"एक मिनिट."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच आवाज, तीच लाल अक्षरं. मी पॅनेल उघडलं, वायरी ओढून पाहिल्या, मोटारीवर हात ठेवला. ती तापली होती. मागे बिरनाळे कुणाला तरी हळू आवाजात म्हणत होते, "मी म्हटलं नव्हतं? जुनं मशीन आहे, त्याला नवी नाटकं सोसत नाहीत." ऑफिसातला एक जण चाकांच्या खोक्याजवळ जाऊन उभा राहिला आणि पायाने ते थोडं पुढे सरकवलं. तेवढा आवाज मला मोटारीच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

लॅपटॉप लावला. आकडे ठीक होते. पट्टी मात्र जागची हलत नव्हती, कुणी तरी धरून ठेवल्यासारखी.

धरून ठेवल्यासारखी.

मी उठले, मागे गेले आणि गुडघ्यावर बसून खाली हात घातला. बाकीच्या सैलच होत्या, त्या पट्टीची मूठ मात्र घट्ट होती. एका हाताने फिरेना. दोन्ही हात लावले तेव्हा ती कर्रकन सुटली, आणि तो आवाज तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला.

मी उभी राहिले. बिरनाळे मशीनच्या कडेला येऊन थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आण्णांकडे.

"आण्णा," मी म्हणाले, "ही तुम्ही आवळलीत?"

"मी? नाही गं. मी कशाला आवळीन?"

ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले की क्षणभर मला बरं वाटलं. पण भाभी आपल्या जागेवरून म्हणाल्या, "मामा, तुम्ही गेला होता की मागं. चहाच्या वेळी." त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. पाहिलं तेवढं त्यांनी सांगितलं.

आण्णांनी भाभींकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे घेऊन तळव्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो हात पँटला पुसला आणि मान वर केली.

"आवळली," ते म्हणाले. आवाज मोठा होता, सगळ्यांसाठी होता. "मीच आवळली. मुद्दाम."

"मामा!" बिरनाळे म्हणाले.

"काय मामा? जन्म गेला या मशीनवर. आता पोरीचं बटण माझ्याहून शहाणं ठरणार. नाही बघवलं. गेलो आणि आवळली."

"अहो, पण स्वतःच्या मुलीच्या..."

"मुलीच्या म्हणूनच." आण्णांनी मशीनवर थाप मारली. "तुम्हाला काय पाहिजे साहेब? मशीनमध्ये दोष नाही, एवढंच ना? नाही. दोष माझ्यात होता. मूठ सुटलीय आता. चालवून बघा."

बिरनाळ्यांनी मला खूण केली. मी स्क्रीनपाशी गेले आणि मधला साइज निवडला. पट्ट्या सरकल्या, पुढे गेल्या, मागे आल्या, थांबल्या. भाभींनी मशीनच्या मागे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. खोकी बाहेर पडायला लागली. कुणी टाळी वाजवली नाही. बिरनाळ्यांनी सही केली आणि कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "मॅडम, तुमचं काम उत्तम आहे. मामांचं मात्र आता... उद्यापासून त्यांना मशीनवर नको. उरलेले दिवस गोडाऊनला बसू देत. तुमच्याकडे बघून एवढ्यावर सोडतो."

"आणि त्या मुठी?" मी विचारलं.

"काढून टाका. आजच."

मी त्या स्वतः काढल्या. आण्णा तोवर फाटकाबाहेर जाऊन बसले होते.

परत जाताना मी पुढे चालत होते. हळदीच्या गोडाऊनांमधला तो सरळ रस्ता. आण्णांचे बूट मागे वाजत होते.

"शैला, हळू चाल."

मी वेग कमी केला नाही.

"शैला."

मी थांबले आणि त्यांच्याकडे वळले. "सगळ्यांनी सांगितलं होतं मला, लक्ष ठेव म्हणून. मी म्हटलं, माझे आण्णा तसले नाहीत. त्यापेक्षा आधी सांगायचं होतं, नको येऊस म्हणून. दुसरं कुणी आलं असतं. नोकरी गेली असती माझी, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग का केलंत?"

रस्त्याकडेला पाण्याच्या पाइपवर ते बसले. उजवा हात उलटा करून माझ्यापुढे धरला. तळव्यावर मुठीच्या खाचांचे वळ होते. लाल, स्पष्ट, एकाशेजारी एक.

"हे बघितलं तेव्हा कळलं," ते म्हणाले.

"काय कळलं?"

"मीच आवळली ते." ते हाताकडेच बघत होते. "भाभी म्हणाली गेला होता, तरी मला वाटलं तिचं काही तरी चुकतंय. मग हात बघितला. हात माझाच की. फेरी घातली असणार, सवयीनं खाली हात गेला असणार. मला त्यातलं काहीच आठवत नाही, शैला. अजून नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. पाइप उन्हाने गरम झाला होता.

"कधीपासून?"

"मोटारी बसवा म्हणून मालकांकडं कोण गेलं होतं?"

"कोण?"

"मीच. माझं नाव घेऊ नका म्हटलं. गेल्या पावसाळ्यात मधला साइज लावायला गेलो आणि चाक धरून उभाच राहिलो. आकडा कुठं गेला कळंना. भाभीला वाटलं मी नामस्मरण करतोय." ते थोडं हसले. "नंतर आला आकडा. पण म्हटलं, पुढच्या वेळी येईल का? चुकीचं लावलं आणि भाभीचा हात आत असला तर? म्हटलं, आकडे मशीनच्या पोटात जाऊन बसले की माझी काळजी मिटली. आणि ते काम तुझ्याकडं आलं, तर म्हटलं बरंच झालं. तूच काढून घेशील ते."

खोकं मागून घेऊन त्याच्या मापाने चाक फिरवणारे आण्णा मला दिसले. गिरणीच्या कोपऱ्यावरून परत फिरणारे दिसले.

"मग विसरलो म्हणून सांगायचं होतं," मी म्हणाले. "मुद्दाम केलं कशाला म्हणालात? आता सगळे तुम्हाला..."

"विसरलो म्हटलं असतं तर साहेब काय म्हणाले असते? आज म्हातारा विसरला, उद्या दुसरं कोण विसरेल, मशीन रोज थांबणार. चाकं तिथंच होती खोक्यात. मुद्दाम म्हटलं की एका माणसावर भागतं. तो माणूस हलवला की झालं." त्यांनी हात मिटला. "जळका म्हणू देत गं. जळका माणूस लोकांना चालतो. विसरणारा चालत नाही."

मी काही तरी बोलायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं.

"कुणाला सांगायचं नाही. भाभीला पण नाही."

मग ते उठले, डबा काखेत घेतला आणि म्हणाले, "चल. कुलूप लागलंय का बघायचंय."

मी म्हणाले, "लागलंय आण्णा. मी बघितलंय."

"तू बघितलंस?"

"हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि माझ्या बरोबरीने चालायला लागले.

त्यानंतर ते माझ्याकडे पुण्याला राहायला आले. गोष्टी एकेक करून गेल्या. आधी रस्ते, मग नातेवाईक, मग मी. शेवटच्या वर्षात मला ते ताई म्हणायचे, कुणी नर्स असावी तशा आदराने. पण नळ बंद करताना हात थोडा पुढे जायचा आणि मागे यायचा. पंख्याचं बटणही तसंच. हे शेवटपर्यंत गेलं नाही. गेल्या श्रावणात आण्णा गेले.

दिवाळीनंतर कुपवाडहून फोन आला. एक मोटार बदलायची होती. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मी गेले.

बिरनाळे कधीच दुसरीकडे गेले होते, भाभी निवृत्त झाल्या होत्या. मशीनवर रेश्मा नावाची चुणचुणीत बाई होती. मी मोटार बदलेपर्यंत ती बोलत राहिली. "मॅडम, या मशीनची एक गंमत माहीत आहे का? नव्या मोटारी आल्या तेव्हा इथला एक म्हातारा एवढा जळला म्हणे, एवढा जळला, की त्यानं मागं जाऊन मशीन जामच करून टाकलं. स्वतःच्या पोरीनं बसवलं होतं तरी! असतात बाई माणसं."

"असतात," मी म्हणाले.

काम झालं. मी मशीनच्या मागे गेले. मूठ काढलेलं भोक तसंच होतं आणि त्यात हळद साचून घट्ट झाली होती. मी फिरून पुढे आले.

"मधला साइज लाव," मी रेश्माला सांगितलं.

तिने लावला. पट्ट्या सरकल्या, जागेच्या थोड्या पुढे गेल्या.

"हे बघा, हेच विचारायचं होतं," रेश्मा म्हणाली. "जागा माहीत असून पुढं कशाला जातंय? उगीच वेळ जातो. तेवढं काढून टाकता येईल का?"

पट्ट्या मागे आल्या आणि थांबल्या.

"नको," मी म्हणाले. "ते तसंच राहू दे."